मस्कतवाल्यांच्या चार सीड्या

आमच्या आमगावच्या घरात जेवायच्या भांड्यांपेक्षा वाजवायचं पितळ जास्त होतं. पाहुणे आले की आईला ताटं शेजारून आणावी लागत, पण कुणाला ट्रम्पेट हवा असेल तर भिंतीवर तीन लटकलेले असत. बाबांची बँड पार्टी होती आणि पार्टीचं सगळं सामान आमच्याच पुढच्या खोलीत राही. साईड ड्रम पलंगाखाली, खुळखुळे कोनाड्यात, लाल कोट आणि सोनेरी झालरीच्या टोप्या आडव्या बांबूवर, आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं. लग्नसराई तोंडावर आली की आई आणि मी चिंच आणि राख घेऊन अंगणात बसायचो आणि एकेक वाद्य घासून काढायचो. मागून चुलीवर लाखोरीची डाळ रटरटत असे, तव्यावर सुके झिंगे भाजत असत, आणि हाताला मात्र चिंचेचा आंबट वास. भात कालवतानासुद्धा तोच. अंगाभोवती वेढा घेऊन खांद्यावर बसणारे दोन मोठे भोंगे होते, ते घासायला मला मुळीच आवडत नसे. एक सुखदेवकाका वाजवत. दुसरा वर्षानुवर्षं नुसता टांगलेला, कारण एवढं ओझं अंगावर घेऊन मागच्या रांगेत चालायला कोणताच जवान गडी तयार नव्हता.

बाबांना सारं गाव मास्तर म्हणे. ते पुढच्या रांगेत, अगदी मधोमध, ट्रम्पेट आकाशाकडे करून चालत. वरातीतल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा त्यांचा वरचा सूर लागला की पदर सावरून थांबत. आई कधी पाहायला जात नसे, पण स्वयंपाक करता करता तिला दूरवरून कळे की वाजवणारे बाबाच आहेत. छोटेलाल म्हणून सालेकशाकडचा दुसरा ट्रम्पेटवाला पार्टीत होता. तो दिसला नाही तरी ती म्हणायची, "हे त्याचं आहे, तुया बापाचं नाही." तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

आमच्या पार्टीत एक रीत होती. कुणी ठरवलेली नव्हती, पण सगळे पाळत. जो एकदा पुढच्या रांगेत चालला तो मागे जात नाही. पुढचं जमेनासं झालं की कोट उतरवायचा आणि घरी बसायचं. माझ्या आज्यानं तेच केलं होतं. दम सरल्यावर त्यानं ट्रम्पेट खुंटीला अडकवला आणि पुन्हा हात लावला नाही. रस्त्यानं बँड जायला लागला की तो खाटेवर कुशी बदलून भिंतीकडे तोंड करी. मी फार लहान होते, मला त्याची फक्त पाठ आठवते. आईला सगळं आठवायचं, कारण त्याला भात तीच वाढत होती आणि तो भात तसाच परत येत होता.

माझा मामा, प्रकाशमामा, तेव्हा मस्कतला एका हॉटेलात आचारी होता. मी आठवी-नववीत असताना तो सुट्टीवर आला आणि सोबत एक सीडी प्लेअर आणि एक जाड पुठ्ठ्याची पेटी घेऊन आला. पेटीत चार सीड्या, आणि फोटोंनी भरलेलं एक चोपडं. फोटोत काळेसावळे बाप्ये आणि बाया, डोक्यावर केसांचे मोठे गोल झाप, अंगात असे कपडे की आमचे बँडचे कोट त्यांच्यापुढे फिके पडावेत. आईनं चोपडं हातात घेतलं आणि पहिल्या पानावरच्या पोरांकडे बराच वेळ पाहत राहिली. "हे त आपल्याच मोहल्ल्यातले वाटतेत," ती म्हणाली.

"अमेरिकेचे आहेत वो बाई," मामा म्हणाला. मग बाबांकडे वळून त्यानं सांगितलं, "भाऊजी, आमच्या हाटेलात एक बुढा पियानो वाजवत होता. गावाले जाता जाता मले देऊन गेला. म्हने, तुया घरी बँड आहे ना, त्याइले दे. एकाच पार्टीचं हाये हे सारं. पोरगे होते तवापासून त बुढे होयेपर्यंत."

एका पार्टीची अख्खी कारकीर्द चार तबकड्यांत बसते, ही गोष्टच बाबांना नवलाची वाटली. आमच्या पार्टीनं एवढी वर्षं जे वाजवलं ते धुळीत गेलं होतं. या लोकांचं मात्र पहिल्या दिवसापासूनचं कुणीतरी जपून ठेवलं होतं. त्या पार्टीचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या घरात त्यांना 'मस्कतवाले' हेच नाव पडलं आणि माझ्या तोंडात अजून तेच बसलंय.

मामा घाईत परत गेला आणि प्लेअर जोडायचं काम बाबांवर आलं. प्लेअरमधून दोन पिना निघत होत्या, एक लाल आणि एक पांढरी. आमच्याकडे वरातीच्या गाडीवरची आवाज वाढवायची जुनी मशीन आणि एकच मोठा बॉक्स. मशीनला भोक एकच. बाबांनी लाल पिन खुपसली, आवाज आला, सगळे खूश झाले. पांढरी पिन मागे लोंबत राहिली आणि तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आता मला ठाऊक आहे की जुन्या गाण्यांत वाजवणारे एका तारेवर आणि गाणारे दुसऱ्या तारेवर ठेवायची पद्धत होती. तेव्हा हे आम्हाला कोण सांगणार?

म्हणून आम्ही पहिल्या दोन सीड्या ऐकल्या त्या अशा. ढोल, झांज, तुताऱ्यांचे फटकारे, आणि सगळ्यांच्या तळाशी एक खालचा सूर. तो सूर इतका खोल होता की आधी पोटात कळायचा, मग कानात. गाणं म्हणणारं कुणी नाही. कधीतरी फार लांबून, विहिरीच्या तळातून कुणी हाका मारावी तसं काहीतरी ऐकू यायचं आणि विरून जायचं. छोटेलालला तर भरून आलं. "मास्टर, ये तो अपने जैसे हैं. गाते नहीं, सिर्फ बजाते हैं." बाबांची मान अभिमानानं हलली. आईची शंका तेवढी राहिली होती. चोपड्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "मंग याइची तोंडं उघडी काऊन आहेत? समोर माईक कायले?"

"फोटोसाठी व. आपन नाही का फोटोले कोट घालत," बाबांनी निकाल दिला.

तिसऱ्या सीडीपासून मात्र माणसं गाताना ऐकू येऊ लागली, आणि चौथीत तर चांगलीच. पुढच्या काळातली ती गाणी दोन्ही तारांवर सारखी भरलेली होती, एवढंच. पण बाबांनी त्याचा अर्थ लावला आणि तो अर्थ आमच्या घरात वर्षभर नांदला. "दम सरला याइचा," ते सुखदेवकाकांना सांगत होते. "जवानीत वाजवलं. वाजवनं जमेना, तवा गायले लागले."

त्या पावसाळ्यात पार्टी मस्कतवाल्यांची चीज शिकायला बसली. आमच्याकडे शिकायचं म्हणजे ऐकायचं, तोंडानं म्हणायचं, मग ओठाला लावायचं. ऐकू येत होतं त्यात सगळ्यात ठळक होता तो खालचा सूर. बाबांनी तोच गाण्याची चाल समजून उचलला आणि ट्रम्पेटवर दोन सप्तकं वर चढवून बसवला. बोदलकशाच्या बाजूला एका लग्नाच्या वरातीत ती चीज पहिल्यांदा वाजली. नाचणारी पोरं गोंधळून थांबली, एकमेकांकडे पाहू लागली. मग मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवरानं हात वर करून पाय टाकायला सुरुवात केली, त्याच्यामागे सगळा मांडव निघाला. नवरदेवाच्या काकांनी येऊन विचारलं, "मास्तर, कोनत्या पिक्चरचं आहे गा हे?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "मस्कतचं." पुढे लग्नसराईभर लोक मस्कतचं वाजवा म्हणून मागून घेऊ लागले.

आणि त्याच लग्नसराईत बाबांचे दात हलायला लागले. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं हिरड्या खाल्ल्या होत्या. ट्रम्पेटची लहान पितळी वाटी ओठावर दाबून धरावी लागते आणि ओठाला मागून आधार असतो तो पुढच्या दातांचा. आधार गेला की वरचा सूर गेला. बाबांनी कुणाला सांगितलं नाही. ट्रम्पेट धुताना वाटीला रक्त दिसलं तेव्हा मला कळलं, आणि मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिला हे दिवाळीपासूनच माहीत होतं, ऐकूनच कळलं होतं. मग एका वरातीत व्हायचं ते झालं. वरचा सूर लावायला बाबांनी मान मागे टाकली आणि ट्रम्पेटमधून नुसती हवा निघाली. बाराती हसले. कुणीतरी शिटी मारली. बाबांनी छोटेलालला खुणेनं पुढे केलं आणि खोकल्याची उबळ आल्याचं नाटक करत गाडीच्या कडेनं चालत राहिले.

गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, पुढचे सगळे काढावे लागतील, नंतर कवळी बसवू. घरी येऊन बाबांनी टोपी खुंटीला अडकवली. "कवळीनं भाजी खाता येते," ते म्हणाले. "ट्रम्पेट नाही वाजत. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवनुकीले छोटेलाल पुढं चालन. मी कोट उतरवतो."

"मंग का करान?" आईनं विचारलं.

"मस्कतवाले गायले लागले. मले त गाताही येत नाही," बाबा म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. ते खरंच होतं. बाबांना गळा नव्हता. ते अंघोळ करताना गुणगुणले तरी शेजारची गाय मान उडवी. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. आई भाकरी थापायची थांबली आणि कोपऱ्यातल्या खाटेकडे पाहू लागली, आज्याच्या खाटेकडे. तिच्या मनात काय चाललंय ते मला अगदी स्वच्छ दिसलं. माणूस मेल्याशिवाय घरातून नाहीसा होऊ शकतो, ही भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

होळीच्या सुमारास मामा पुन्हा सुट्टीवर आला. दुपारची वेळ होती. सुखदेवकाका आणि छोटेलाल जयंतीची तयारी करायला आलेले, बाबा एका बाजूला भिंतीला टेकून बसलेले. मामानं कौतुकानं प्लेअरकडे पाहिलं आणि तो वाकला. "भाऊजी, हे पांढरी पिन लोंबून काऊन रायली?"

"भोक एकच आहे ना."

मामानं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! म्हंजे वर्सभर अर्धंच गानं ऐकून रायले का तुमी?"

तो उठून मोहल्ल्यातल्या बुद्धविहारात गेला आणि तिथली माईकची मशीन आणि बॉक्स सायकलवर बांधून घेऊन आला. आमचा बॉक्स या भिंतीला, विहारातला त्या भिंतीला. पहिली सीडी, पहिलं गाणं. आमच्या भिंतीकडून ओळखीचे ढोल आले, ओळखीचा खालचा सूर आला, आणि मग समोरच्या भिंतीतून माणसं आली. एकदम, सगळी मिळून. दोन बाया, तीन-चार बाप्ये, एकमेकांच्या तोंडचा शब्द घेत, मध्येच हसत, ओरडत, आणि त्या सगळ्यांच्या वर एका पोराचा आवाज, उंच, कोवळा, कशालाच न घाबरणारा. एवढे दिवस ही माणसं आमच्या घरात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. माझ्या अंगावर काटा आला तो गाणं संपेपर्यंत गेला नाही. आई हातात उलथणं धरून दारात उभी राहिली, तव्यावरचं जळालं तरी हलली नाही. छोटेलाल हात जोडून बसला होता. मला आजवर पुष्कळ गोष्टी आवडल्या, पण चकित व्हायला मी शिकले ती त्या दुपारी. माझी लेक हल्ली तीच गाणी मोबाईलवर ऐकत भांडी घासते. तिला दोन्ही बाजू पहिल्यापासूनच मिळाल्या. तिचा थोडा हेवाही वाटतो आणि थोडी कीवही येते.

गाणं संपल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "म्हंजे हे पयलेपासूनच गात होते?"

"पयलेपासूनच."

"मंग दम सरल्यावर का केलं याइनं?"

मामानं चौथी सीडी लावली आणि चोपड्याचं शेवटचं पान उघडलं. आता आवाज जाडे झाले होते, केस पिकले होते. एक नवा, जवान गळा वरचे सूर घेत होता. त्याच्या खाली एक खरखरीत, जड आवाज संथपणे चालला होता. "हा खालचा ऐका, भाऊजी," मामा म्हणाला. "हा तोच पोरगा आहे. पयले सगळ्याइच्या वरतं गात होता ना, तोच. त्या बुढ्यानं मले सांगितलं होतं. गळा गेला तवा वरचं दुसऱ्याले देलं न हा खाली आला."

"मागं गेला?"

"मागं कोठी? मधात उभा आहे, पाहा ना."

बाबांनी फोटो पाहिला. मग त्यांनी जे केलं त्याचं कुणालाच कारण कळलं नाही. त्यांनी पुन्हा पहिली सीडी लावायला सांगितली, गाणं सुरू झालं, आणि त्यांनी हात लांब करून लाल पिन उपटली. ढोल गेले, खालचा सूर गेला. समोरच्या भिंतीवर नुसती गाणारी माणसं उरली, तेवढीच सुरेल, पण अधांतरी. खोलीत इतका वेळ सगळ्यांचे पाय हलत होते ते थांबले. "सुखदेव," बाबांनी विचारलं, "पाय हालून रायला का गा तुया?"

"नाही, मास्तर."

बाबांनी पिन पुन्हा खुपसली. सुखदेवकाकांचा पाय हलायला लागला आणि ते स्वतःच त्याच्याकडे पाहत राहिले. एवढी वर्षं ते मागच्या रांगेतून तो खालचा सूर देत होते आणि त्यांना कधी कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. आम्ही वर्षभर घराचं जोतं पाहून घर पाहिलं म्हणत होतो हे खरं, पण जोतं पाहिलेलं वाया गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी टांगलेला मोठा भोंगा खाली काढला. त्याची वाटी मोठी असते, साऱ्या तोंडावर बसते, दातांवर तेवढा भार येत नाही. पहिल्या फुंकरीला म्हैस रेकल्यासारखा आवाज निघाला आणि आई, जी कित्येक दिवसांत हसली नव्हती, ती हसून हसून खाली बसली. पण हसण्यावारी जाण्यासारखं ते नव्हतं. पुढचे दात काढल्यावर सुजलेल्या तोंडानं बाबा रोज सकाळी सुखदेवकाकांसमोर शिकाऊ पोरासारखे बसू लागले. काकांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा ते म्हणाले, "मास्तर, हे वाजवान त माया मागं चालावं लागन. तुमच्या बापानं घर धरलं, पन मागं नाही चालला. लोक का म्हनतीन?"

"म्हनू दे," बाबा म्हणाले. पण ते लोकांना भीत होते. मोहल्ल्यात कुजबूज सुरू झालीच होती. मास्तरचं नाक कापलं गेलं, असं एकानं पानठेल्यावर सगळ्यांदेखत म्हटलं. जयंतीच्या दिवशी बाबा अर्ध्या गुंड्या लावलेला कोट घालून खाटेवर बसून राहिले. आज्याच्याच खाटेवर. बराच वेळ. आई चुलीपाशी मिरवणुकीतल्या लोकांसाठी आलुभात शिजवत होती. शेवटी ते उठले आणि भोंगा अंगात अडकवून निघून गेले. विहारात पोचले की वाटेतूनच कुठे वळले, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आई म्हणाली, "मी नाही पाहू शकत. तू जा." मी गेले नाही. तिला एकटीला सोडवेना.

दुपार कलली तशी लांबून मिरवणूक ऐकू आली. पहिल्यांदा ट्रम्पेट. स्वच्छ, वर चढलेला, न डगमगणारा. आईचे हात थांबले. "छोटेलाल आहे," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. आम्ही दोघी कान देऊन बसलो. घोषणा आल्या, टाळ्या आल्या, ढोल आला. मला काहीच वेगळं ऐकू येईना. मग राईस मिलच्या वळणावरून मिरवणूक आत वळली, आणि आमचं टिनाचं दार बारीक घुमायला लागलं. एक खालचा सूर सुखदेवकाकांचा, तो आमच्या ओळखीचा. त्याच्या शेजारी आणखी एक, थोडा फुटका, थोडा उशिरा येणारा, पण जमिनीतून वर येत असलेला.

आईनं पदराला हात पुसले. "सुजाता," ती म्हणाली, "तुया बाप येऊन रायला." आणि एवढ्या वर्षांत जी बाई कधी बँड पाहायला उंबऱ्याबाहेर गेली नव्हती, ती अनवाणी रस्त्यावर धावली. मी तिच्यामागे धावले. छोटेलाल पुढे मधोमध ट्रम्पेट उंच धरून चालला होता, सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं. आईनं पुढच्या रांगेकडे मान वळवूनही पाहिलं नाही. लोकांना बाजूला सारत ती सरळ शेवटच्या रांगेपाशी गेली आणि बाबांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागली.